बरणीवर वारलेले बापू

बापू वारल्याची बातमी बापूंना एका जॅमच्या बरणीवर वाचायला मिळाली. बरं, वाचून संतापले असते तर गोष्ट वेगळी. ते रडले. भर दुकानात, बरणी छातीशी धरून, चष्मा पुसत रडले, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना म्हणाले, "बघा हो, काय एकेकाचं नशीब!" मेलेला माणूस आपणच आहोत हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

आता हा माणूस पहिल्यापासून बावळट असणार, असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. बापू वजनमापे निरीक्षक होते. ज्याचा तराजू लबाड त्याचा तो उचलून न्यायचा आणि ज्याचा खरा त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी आयुष्यभर इतकं चोख केलं होतं की बाजारात एकही माणूस त्यांच्याकडे बघून आपणहून हसला नव्हता.

गडबड झाली ती ऑफिसातल्या चहामुळे. कुणीतरी मासिकातलं वाचून दाखवलं की आपण जी कॉफी पितो, जे चॉकलेट खातो, जो शर्ट अंगात घालतो, ते करणाऱ्याच्या हाती किमतीतलं चिमूटभरसुद्धा पडत नाही. सगळ्यांनी "अरेरे" म्हटलं आणि आणखी एकेक कप मागवला. बापूंच्या मात्र घशाखाली चहा उतरेना. वजनात मारलं तर ती चोरी, मग मजुरीत मारलं तर ते काय? आणि त्याच्यावर एकही निरीक्षक नाही? संध्याकाळी ते घरात शिरले तेच ओरडत. "आजपासून, करणाऱ्याला नीट पैसे मिळाल्याची खात्री पटल्याशिवाय या घरात एक वस्तू येणार नाही!"

"खात्री कोण करणार?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं. काकू म्हणजे बापूंच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना काकूच म्हणायची, तेव्हा आपणही म्हणू.

"मी!"

"म्हणजे बाजार तुम्ही करणार?"

"मीच करणार!"

काकूंनी पिशवी अशी चटकन हातात दिली की दुसऱ्या कुणाला तिथेच शंका आली असती.

दुसऱ्या दिवशी बापू अंडीवाल्यापुढे उभे राहिले आणि जमेल तितक्या मायेने म्हणाले, "काय हो, या अंड्यांमागे तुम्हाला नक्की सुटतं किती?" अंडीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने हातातली सगळी अंडी पिशवीत भरली, वर आणखी चार ठेवली आणि हात जोडले. "साहेब, घेऊन जा. पैसे नकोत. पोराबाळांच्या पोटाचा प्रश्न आहे." आता फुकट अंडी घेतली तर न्याय्य मोबदल्याचं काय! बापूंनी ती परत केली. परत केली म्हटल्यावर तो आणखीच घाबरला. भाजीवालीने त्यांना लांबून पाहूनच तराजूवर गोणपाट टाकलं आणि कंबर धरून खाली बसली. तेलवाल्याला धीर यावा म्हणून बापू हसले. बापूंचं हसू बाजाराने कधी पाहिलेलं नव्हतं. तेलवाल्याने शटर ओढलं, आणि त्याचं बघून शेजारच्या दोघांनीही ओढलं.

असे काही दिवस गेले. घरातले डबे एकेक करून रिकामे झाले. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. बापूंना भूक सहन होत नसे. तशी कुणालाच होत नाही, पण भुकेले बापू हा माणूसच निराळा. जेवण थोडं पुढेमागे झालं की ते आधी पंख्यावर चिडत, मग वर्तमानपत्रावर, मग मागच्या वर्षी न आलेल्या प्लंबरवर. पोटात दोन घास गेले की तोच माणूस हात धुता धुता गुणगुणायला लागे. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य तर म्हणत, "बापूंचा राग हा रागच नाही. ते रिकामं पोट आहे." हे ते बापूंच्या तोंडावर म्हणत, आणि बापू भुकेले असताना म्हणत, त्यामुळे दोघांचं बोलणं अधूनमधून बंद असे.

शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, चौकात ते नवं दुकान झालंय ना, तिथे म्हणे सगळं न्याय्य मोबदल्याचंच मिळतं. तिथून तरी काहीतरी आणा. नाहीतर मी बहिणीकडे जेवायला जाते."

तर असे बापू त्या दुकानात गेले. लाकडी फळ्या, मंद दिवे, कोपऱ्यात चव घेऊन बघायला मांडलेली बिस्किटं, आणि प्रत्येक वस्तूवर ती करणाऱ्याची कहाणी छापलेली. एकाही कहाणीत कुणी धड सुखी नव्हतं. संत्र्याच्या जॅमच्या बरणीवर लिहिलं होतं: "डोंगरकुशीतल्या एका विधवा माउलीच्या हातचा जॅम. पती अकाली गेले. चुलीच्या धुरात डोळे पुसत ती एकटी संत्री सोलते. झाकणावरचं कापड तिने स्वतःच्या हातमागावर विणलं आहे. ही बरणी घेऊन तुम्ही तिच्या कष्टांना न्याय देत आहात." किंमत वाचून बापूंनी चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली. पण माउलीचा धूर डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी पाकीट मोकळं केलं.

घरी येऊन त्यांनी पावाला जॅम फासला, डोळे मिटून पहिला घास खाल्ला, आणि जे बोलायला नको होतं तेच बोलले. "अगं, याला म्हणतात जॅम! तूही करतेस, नाही असं नाही. पण तुझ्या जॅममध्ये हे दुःख उतरत नाही."

काकू जॅम करत असत हे खरं. दर मंगळवारी एका संस्थेची गाडी यायची, गाडीतली बाई काकूंनी भरलेल्या, बिनलेबलाच्या बरण्या घेऊन जायची. कुठे न्यायची, कुणाला विकायची, हे बापूंनी कधी विचारलं नव्हतं. ते त्याला "तुझं ते ढवळणं" म्हणत.

काकूंनी बरणी उचलली. कहाणी वाचली. मग झाकणावरचं कापड सोडून टेबलावर पसरलं. "हा तुमचा पायजमा."

"काय?"

"निळ्या पट्ट्यांचा. गुडघ्यावर फाटला होता तो. गाडीवाली म्हणाली, झाकणाला कापड बांधा, तेवढंच छान दिसतं. कापडाचे पैसे काही ती देत नाही. मग काय, नवीन आणून फाडू?"

बापूंचा घास तोंडातच राहिला. त्यांनी कापडाकडे पाहिलं. मग बरणीकडे. मग कहाणी पुन्हा वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "पती अकाली गेले. म्हणजे मी?"

"तुम्हीच. मला दुसरे कुठे आहेत?"

"तू सांगितलंस त्यांना हे?"

"मी सांगितलं, नवरा वजनमापे निरीक्षक आहे. तिने ते लिहूनच घेतलं नाही."

बापूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगायचं तर, आपलं वय लक्षात घेता 'अकाली' हा शब्द त्यांना क्षणभर सुखावून गेला होता, पण तेवढ्याने भागण्यासारखं प्रकरण नव्हतं. ज्या माणसाने सबंध आयुष्यात कुणाला मापात पाप करू दिलं नाही, त्याला सरळ मारून टाकलं! आणि वर त्याच्या पायजम्याला हातमाग म्हणतात!

"यातले तुला किती देतात?" रागाच्या भरात का होईना, योग्य तो प्रश्न त्यांनी विचारला.

"आठवा हिस्सा. त्यातच गॅस माझा, साखर माझी, संत्री माझी."

"आणि तू इतके दिवस बोलली नाहीस?"

"बोलले होते. जेवणाआधी बोलले तेव्हा तुम्ही ताट सरकवलंत. जेवणानंतर बोलले तेव्हा तुम्हाला झोप लागली." काकूंनी पायजम्याची घडी घातली. "मला तिसरा हिस्सा हवाय. त्याखाली परवडत नाही. या खेपेला देत नसतील तर कढई घासून माळ्यावर टाकायची. झालं." झालं असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण म्हणताना त्यांनी कढईकडे पाहिलं ते काही टाकून द्यायच्या वस्तूकडे पाहावं तसं नव्हतं. या घरातलं सगळं बापूंच्या पगारातून आलेलं होतं. ती कढई आणि तिच्यातून निघेल तेवढंच काय ते काकूंचं होतं.

पण बापूंच्या कानात तिसरा हिस्सा शिरलाच नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट: मी मेलेलो नाही.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त वकील आनंदाने हात चोळत खाली आले. "सोडू नका, बापू! दावा ठोका. फक्त अडचण अशी की तुम्ही मेल्यामुळे तुमचं नुकसान काय झालं, ते दाखवावं लागेल." बापूंनी बराच विचार केला, आणि दाखवण्यासारखं एकही नुकसान सापडेना तेव्हा ते जास्तच चिडले. समोरच्या शिक्षिका बाई म्हणाल्या, "पण खप चांगला होतोय ना काकूंचा? मग एका बरणीपुरतं वारायला काय हरकत आहे?" दंतवैद्यांनी फक्त विचारलं, "काही खाल्लंय का सकाळपासून?" आणि दार लावून घेतलं.

बापूंनी दुकानाला फोन लावला. तक्रार विभागातली मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "उत्पादकाची कहाणी बदलायची असेल तर उत्पादकांनीच अर्ज करावा लागेल, सर. आपण कोण?"

"मी तिचा नवरा!"

"पण त्या विधवा आहेत, सर."

"अहो नाहीत! मी बोलतोय ना!"

"मग आपण हयात असल्याचा काही पुरावा जोडाल का?"

इतरांच्या वजनांना दाखले देण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस स्वतःचा दाखला काढायला सरकारी कचेरीत गेला. खिडकीतल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मृत्यूची नोंद असेल तर ती चुकीची असल्याचा दाखला देता येतो. तुमची तर नोंदच नाही."

"म्हणजेच मी जिवंत आहे!"

"तसं मी म्हणू शकत नाही. ते वरच्या मजल्यावर म्हणतात."

वरच्या मजल्यावर म्हणणारा माणूस जेवायला गेला होता. तो येईपर्यंत बापूंच्या पोटात कावळे कोकलायला लागले. तो आला तो दात कोरत, आणि म्हणाला, "खाली विचारलंत का?" बापूंनी टेबलावर मूठ आपटली. टेबलावर काच होती. काचेची भरपाई तिथल्या तिथे करून घेतली गेली आणि बापूंना रीतसर पावती मिळाली. तिच्यावर त्यांचं नाव, पत्ता आणि त्या दिवसाची तारीख होती. हयात असल्याचा एवढाच काय तो सरकारी कागद त्यांच्या हाती लागला.

ही पावती नाचवत बापू शनिवारी सकाळी म्हणाले, "चल! आत्ताच्या आत्ता! व्यवस्थापकाच्या तोंडावर मारतो!"

"दोन घास खाऊन जाऊ या ना," काकू म्हणाल्या. "नव्या बरण्याही तयार आहेत, त्या घेऊन जाऊ. मलाही बोलायचंय तिसऱ्या हिश्शाचं."

"खायचं नाव काढू नकोस! मेलेल्याला कसली भूक?"

आणि अशा रीतीने बापूंनी भरलेल्या बरण्यांची पेटी उचलली, पाठीतून कळ आली ती कुणाला दिसू दिली नाही, आणि दोघं उपाशीपोटी दुकानात जाऊन धडकली. व्यवस्थापक? व्यवस्थापक आतल्या खोलीत नाश्ता करत होते. मग नाश्त्यावर बैठक होती. मग बैठकीतल्यांचं जेवण आलं. काचेच्या दारातून सगळं दिसत होतं: डबे उघडले, हसणं झालं, डबे झाकले. बाहेर पेटीजवळ काकू उभ्या. करणारीला बसायला त्या दुकानात एक स्टूल नव्हतं, भिंतीवर मात्र तिच्या कष्टांचं हे भलंमोठं चित्र.

मघाशी मी त्या कोपऱ्यातल्या बिस्किटांबद्दल बोललो होतो. बापू हिंडत हिंडत नेमके तिथे पोचले. आधी एक घेतलं, तेही निरीक्षक म्हणून. मग वजन कमी वाटलं म्हणून दुसरं. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. वर काकूंच्याच जॅमचा थर. आणि बघता बघता बापूंच्या कपाळावरच्या आठ्या विरघळल्या. दिवे किती छान लावलेत, असं त्यांना वाटायला लागलं. माणसं तशी वाईट नसतात, असंही वाटलं. पावती खिशात गेली.

व्यवस्थापक बाहेर आले तेव्हा ही अशी परिस्थिती होती. मऊ दाढी, मऊ आवाज. "ताई! किती आनंद झाला तुम्हाला भेटून! तुमची कहाणी आमच्याकडची सगळ्यात लोकप्रिय आहे."

"ती माझी नाही," काकू म्हणाल्या. "हे माझे यजमान. ते बिस्किटं खातायत ते."

व्यवस्थापकांनी बापूंकडे पाहिलं, आणि त्यांना मनापासून दुःख झालेलं दिसलं. "ताई, तुम्ही समजून घ्या. लोक जॅम नाही हो घेत. जॅम कुठेही मिळतो. निरीक्षकांच्या सौभाग्यवतींनी फ्लॅटमध्ये गॅसवर केलेला जॅम, या भावाला कोण घेईल?"

"कहाणी राहू दे. मला तिसरा हिस्सा द्या. आठव्यात माझं भागत नाही."

"तोच विचार चाललाय आमचा!" ते पुढे झुकले. "कहाणीत थोडी भर घालू. समजा, घरात एक आजारी मूल आहे. किंमत सहज वाढवता येईल. त्यातून तुम्हाला सातवा हिस्सासुद्धा देता येईल."

काकू काही बोलायच्या आत बापू पुढे आले. तोंडात बिस्कीट, चेहऱ्यावर उदार हसू. "अगं, काय म्हणतायत ते ऐकून तर घे. एवीतेवी मी मेलोच आहे. माझी काही हरकत नाही."

इमारतीत एका गोष्टीचा कुणी कधी विचारच केला नव्हता. काकूंना भुकेलेलं कुणी पाहिलेलंच नव्हतं. चव बघायच्या निमित्ताने, ढवळता ढवळता, त्यांच्या पोटात काहीतरी जातच असे. सकाळपासून अन्नाचा कण न घेतलेल्या काकू जगाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

"तुमची हरकत नाही?" काकूंचा आवाज सगळ्या फळ्यांवरून फिरून आला. "मेलेल्या माणसासाठी मी रोज स्वयंपाक करते का? आणि हो, तुम्ही!" हे व्यवस्थापकांना. "संत्री सोलून माझी बोटं सालासारखी झालीत. कढईपुढे उभं राहून पाय सुजतात. त्याचे पैसे मागतेय मी! कामाचे! त्याचे द्यायला तुमचा हात आखडतो, आणि नवरा मारला की थोडे वाढवता, पोर आजारी पाडलं की आणखी थोडे? आणि पुढे काय? मी स्वतः मेले म्हणजे पूर्ण किंमत देणार?"

"ताई, ताई," व्यवस्थापकांनी बिस्किटांची थाळी पुढे केली. "तुम्हाला भूक लागलीय, म्हणून राग येतोय. शास्त्रच आहे ते. एक खा, बरं वाटेल."

बापूंनी एरवी जोरात मान डोलावली असती. पण त्यांनी काकूंचा चेहरा पाहिला आणि हातातलं बिस्कीट थाळीत परत ठेवलं.

तेवढ्यात एक बाई हातात तीच बरणी घेऊन जवळ आल्या, डोळे ओलसर. "म्हणजे त्या माउली तुम्हीच? या बरणीवरच्या?"

"मीच. हा जॅम मीच करते, आणि चांगला करते. हा माझा जिवंत नवरा. धडधाकट आहे. घरात कुणी आजारी नाही."

बाईंनी बापूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. बापूंनी नकळत पोट आत घेतलं. बाईंचे डोळे कोरडे झाले. "अस्सं," त्या म्हणाल्या, आणि बरणी फळीवर परत ठेवून मधाच्या रांगेकडे गेल्या. तिथे एक अनाथ मधपाळ होता.

त्या एका 'अस्सं'ने बापूंच्या पोटातली सगळी बिस्किटं आंबट झाली. आपण जिवंत आहोत हे कळल्यावर बायकोच्या हाताची किंमत उतरते, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. एवढा पाणउतारा कचेरीतही झाला नव्हता. ते व्यवस्थापकांकडे वळले आणि पहिल्यांदाच भरल्या पोटी संतापले. "तुमच्या तराजूत खोट आहे, साहेब! सगळ्या बाजारात एवढा खोटा तराजू मी पाहिला नाही!" आणि पेटी उचलून, पाठीतली कळ यावेळी सगळ्यांना दाखवत, ते काकूंच्या मागोमाग बाहेर पडले.

बाहेर दुकानाच्या पायरीवर काकू मटकन बसल्या. बापू रस्ता ओलांडून गेले आणि बेकरीतून ताजा पाव घेऊन आले. बेकरीवाल्याने सांगितली ती किंमत दिली, त्याला काही विचारलं नाही. काकूंनी पेटीतली एक बरणी उघडली, पावाचा तुकडा मोडून आतच बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. येणारेजाणारे बघत होते. बापू शेजारी उभे राहून ऊन अडवत होते. अर्धी बरणी संपली तेव्हा काकूंनी बोटं चाटली, पदराला पुसली, आणि पायरीला टेकून एक मोठा श्वास घेतला.

बापूंना हायसं वाटलं. या क्षणानंतर काय होतं ते त्यांना स्वतःवरून चांगलं माहीत होतं. ते हळूच म्हणाले, "बरं वाटलं ना? गेला राग?"

"भूक गेली," काकू म्हणाल्या. "राग तसाच आहे."

त्या उठल्या, झाकण घट्ट लावलं, आणि काचेचं दार ढकललं. "उचला ती पेटी. आता नीट बोलता येईल."